तिठ्यावरचं अंडं

१८ मार्च, मंगळवार

भोरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुनेचं बीपी रोज मोजा आणि लिहून ठेवा. म्हणून ही वही. आजचं १३८/८८. झालं लिहून.

आता दोन आकड्यांनी पान भरत नाही आणि माझं डोकं तर काठोकाठ भरलंय, म्हणून उरलेलं पण हितंच लिहिते. वाचणारं कोण आहे घरात? हे एसटीवर ड्रायव्हर, मुक्कामाच्या गाड्या करून घरी आले की पेपर तोंडावर घेऊन घोरतात. आणि सुनेला मराठी वाचता येत नाही.

सून म्हणजे ओलेना. युक्रेनची. आमचा सम्राट पोलंडला बेकरीत कामाला आहे, तिथंच ही लढाईतून पळून आलेली, पाव भाजायला. दोघांनी लग्न केलं आणि मला व्हिडिओवर दाखवलं. मी रडले, ओरडले, मग लाडू केले. जानेवारीत सम्राटनं तिला गुंजवण्याला आणून सोडली. "आई, तिकडं तिचं करायला कोण नाही, तू आहेस ना." आणि गडी परत गेला. आता सातवा चालू आहे. तिला आई नाही, बाप नाही. एक भाऊ आहे आंद्री म्हणून, तो लढाईत दिवाळीपासून बेपत्ता.

आम्ही मोबाईलमधून बोलतो. ती मोबाईलला सांगते आणि मोबाईल बँकेतल्या बाईसारखं मला सांगतो, "आदरणीय सासूबाई, मला थोडे मीठ हवे आहे." मला 'मामो' म्हणते. म्हणजे आई. मला मेलं प्रत्येक वेळी माझा मामाच आठवतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पायाला सूज आहे, बीपी चढतंय. डोकं दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली तर घरी थांबायचं नाही, सरळ पुण्याला. नाहीतर आई आणि बाळ दोघंही हातातनं जातात. मी अंगणवाडी सेविका, वीस वर्षं गरोदर बायकांना हेच पाठ म्हणून दाखवते. आज मला कुणी म्हणून दाखवलं, तर मी नवख्यासारखं दोनदा विचारून घेतलं.

२१ मार्च, शुक्रवार

१३६/८६. बरं आहे.

ओलेनाला अंडी पाहिजेत. खायला नाही, रंगवायला. त्यांचा ईस्टरचा सण येतोय, त्याच्या आधी बायका अंड्यांवर नक्षी काढतात म्हणे. आणि कुठलंही अंडं चालत नाही. पहिल्यांदा घालायला लागलेल्या कोंबडीचंच पाहिजे. म्हणलं, म्हणजे तलंगेचं. आमच्या कोंबड्या म्हाताऱ्या झाल्यात, म्हणून तिला घेऊन फुलाबाईंकडं गेले.

फुलाबाईंना मी फुलाक्का म्हणते. वरच्या आळीला राहतात. गडावर येणाऱ्या पोरांना पिठलं-भाकरी करून घालतात, आणि त्यांचा गोरख जीप चालवतो. गावात वेळेला धावणारी गाडी म्हणजे तेवढीच. गोरख मागंच म्हणालाय, "काकू, वहिनीला कवाबी न्यायचं झालं तर निस्ती हाक मारा." त्याच्या या एका वाक्यावर मी रात्री डोळे मिटते.

फुलाक्कांनी अंडी दिली पण डोळे बारीक केले. "तलंगेचंच कशाला गं पायजे हिला? असली अंडी उताऱ्याला लागत्यात."

मी म्हणलं, "अक्का, रंगवाय पायजेत तिला. त्यांच्यात सण असतोय."

"अंडं रंगवत्यात? आन् मग?"

"मग ठिवत्यात."

"अगं बया," असं म्हणून त्या ओलेनाच्या तोंडाकडं बघत राहिल्या. ओलेना तोवर गोठ्यात घुसून त्यांच्या गाभण म्हशीच्या कपाळाला कपाळ लावून उभी. तिच्या घरी पण गुरं होती म्हणे. फुलाक्का तिला अलका म्हणतात. मी सुधारायचं सोडून दिलंय.

२५ मार्च, मंगळवार

१३४/८६.

काय उद्योग आहे बघा. मेणबत्ती पेटवायची. एक काडी, टोकाला पितळेचं इवलंसं नाळकं. ते ज्योतीवर तापवून पोळ्याच्या मेणात बुडवायचं आणि त्या पातळ मेणानं कच्च्या अंड्यावर रेघा ओढायच्या, त्याला ती अंडं 'लिहिणं' म्हणते. मग अंडं पिवळ्या रंगात. पुन्हा मेण, मग केशरी, पुन्हा मेण, मग लाल, शेवटी काळं. रंग बाजारचे नको म्हणाली. पिवळ्याला हळद, तांबड्याला कांद्याची टरफलं आणि बीट, काळ्याला हिरडा आणि गंजके खिळे. केशरीसाठी मी स्वतः धरणाच्या अंगाला जाऊन पळसाची फुलं वेचून आणली. चांगलं पातेलं गेलं माझं.

सगळं झाल्यावर अंडं नुसतं काळं ढेकूळ दिसतं. मी मनात म्हणलं, एवढ्यासाठी चार दिवस? मग तिनं ते ज्योतीच्या कडेला धरलं, मेण वितळायला लागलं, फडक्यानं पुसलं, आणि आत लाल-पिवळं काय काय उजळत आलं. माझ्या तोंडातनं "आगं बाई" निघून गेलं. ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा दात दिसले तिचे.

हे करताना मनात राग-लोभ ठेवायचा नाही म्हणे. म्हणून ती बसली की मी भांडी आपटत नाही. अवघड जातं.

३० मार्च, रविवार

१४०/९०. रविवार आणि पाडवा एकत्र आला, गावात गडावरच्या पोरांच्या गाड्याच गाड्या. मला त्या आवाजानं धडधडतं, हिला काय होत असेल.

सुनेनं आज माझा हात धरला आणि सोडेचना. मनगटाच्या वरचं गोंदण निरखून बघत होती. आता त्यात बघण्यासारखं काय राहिलंय? लहानपणी आजीनं गोंदवून घेतलं, आता पसरून निळा डाग झालाय. मोबाईल म्हणाला, "हे काय आहे? ह्याचा अर्थ काय?" मी म्हणलं, अर्थ कसला, आजी म्हणायची मेल्यावर एवढंच बरोबर येतं. मोबाईलनं काय सांगितलं देव जाणे, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर कागदावर काहीतरी खरडत बसली. पीठ मळायचं होतं, मी हात सोडवून घेतला.

सम्राटचा फोन नाही. दोन पाळ्या करतोय म्हणे.

४ एप्रिल, शुक्रवार

१४२/९२. गोळी चालू आहे तरी.

आज तिकडून कुणाचा तरी फोन आला. आंद्रीच्या बरोबरच्या एका पोराची आई असावी. ओलेना बराच वेळ नुसती 'ताक, ताक' करत होती. त्यांच्यात 'ताक' म्हणजे हो. मग फोन ठेवून पुन्हा अंड्यावर वाकली. तेच एक अंडं धरून बसलीय तीन दिवस, आज त्याचं मेण पुसून झालं. भाताच्या लोंब्या आहेत, कोंबडीच्या पायाच्या खुणा आहेत, ठिपके आहेत आणि मधोमध खेकड्यासारखं काहीतरी. खेकडा कशाला काढला असेल? काळं रान, लाल खेकडा. मला तर बघूनच कसंतरी झालं. मी विचारलं, कुणासाठी? तर तोंडावर बोट ठेवलं आणि अंडं फडक्याखाली झाकलं. भावासाठी असणार. विचारून उगाच जखमेवरची खपली काढली.

७ एप्रिल, सोमवार

१५०/९८.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. गोळी वाढवली, म्हणाल्या, दोन दिवसात उतरलं नाही तर घेऊन या. ओलेनाची बोटं एवढी सुजलीत की अंगठी निघेना. बाळ हलतंय का विचारलं तर म्हणते हलतंय, पण तोंड फिरवून.

आता जे लिहिते ते कुणाच्या बापाला सांगायचं नाही.

आमच्या सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातलं देव-देव्हारा, लिंबू-मिरच्या, सगळं नदीला सोडलं. तेव्हापासून या घरात असलं काही झालेलं नाही. आणि मी तर दर वर्षी जयंतीला अंधश्रद्धेवर भाषण देते. पण आज दुपारी पोरगी निजलेली, तोंड सुजून मडक्यासारखं झालेलं, ओठ पांढरे. मला माझी आई आठवली. आमच्यातलं कुणी तापानं फणफणलं की आई अंडं घ्यायची, त्याला हळद-कुंकू-काजळ लावायची, अंगावरनं उतरायची आणि तिठ्यावर ठेवून यायची. मागं वळून बघायचं नाही. आणि आम्ही बरं व्हायचो. कशानं व्हायचो ते मला कळतं, मी आडाणी नाही. पण व्हायचो.

घरात कुंकू नाही, काजळ नाही. ओलेनाच्या टोपलीत ते खेकड्याचं अंडं होतं. लाल होतं, काळं होतं, ठिपकेसुद्धा होते. म्हणलं हे आयतंच तयार आहे, अजून काय पाहिजे? मूठभर मीठ-मोहरी आणि ते अंडं घेऊन सात वेळा उतरलं तिच्यावरनं. दिवस मावळायला तिठ्यावर ठेवून आले, धरणाच्या वाटेवर. मागं बघितलं नाही. बघायची छातीच नव्हती.

८ एप्रिल, मंगळवार

१३४/८४!

गोळी वाढवली म्हणून उतरलं. गोळीच आहे ती. मला कळतं.

पण ओलेना सकाळपासून ते अंडं शोधतेय. टोपली उपसली, गादी उलटी केली, पोट सांभाळत पलंगाखाली वाकली. मोबाईल म्हणाला, "सासूबाई, तुम्ही एक अंडे पाहिले का? ते फार महत्त्वाचे आहे." मी म्हणलं, मांजरानं नेलं असंल. मोबाईलपुढं खोटं बोलायला सोपं जातं, तो तोंडाकडं बघत नाही. ती बघत होती.

बेपत्ता भावाचं अंडं मी तिठ्यावर ठेवून आले. असली बुद्धी कुठनं सुचली मला! परत आणायला जाणार होते. पण उतारा परत घरात आणला तर? आणि आज तर बीपी उतरलंय.

१० एप्रिल, गुरुवार

१३६/८६.

फुलाक्कांची म्हैस गाभडली. दिवस भरत आलेले, मेलेलं रेडकू पडलं. अंगणवाडीत आलेल्या बायकांनी सांगितलं. परवा सकाळी पाण्यावरनं येताना म्हशीनं तिठ्यावरचा उतारा ओलांडला म्हणे. गोरखनं काठीनं उलथून बघितलं, तर रंगवलेलं अंडं. वर काळी-लाल चिन्हं.

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. एक म्हणाली, "ताई, तुमच्या सुनंचंच असंल की ते." मी म्हणलं, "तिला काय म्हाईत तिठा?" आणि चमचा घेऊन खिचडी वाढत राहिले. हे मी टाकलंय असं म्हणायला जीभ उचललीच नाही. वीस वर्षं यांची पोरं माझ्या हातचं खातात, ते सुरू व्हायला मला किती झिजावं लागलं ते माझं मला ठाऊक. एका वाक्यात सगळं जाईल.

१३ एप्रिल, रविवार

१४४/९२. पुन्हा चढलं. आणि चढणारच, काय झालं बघा.

म्हैस गाभडल्याचं मी ओलेनाला सांगितलं नव्हतं. तिनं कुठनंतरी ऐकलं, आणि मी न्हाणीत असताना गेली की एकटी वरच्या आळीला. हातात काय, तर एक रंगवलेलं अंडं! त्यांच्याकडं कुणाच्या घरी दुःख झालं की असं अंडं देतात म्हणे. फुलाक्कांनी ते बघितलं आणि बोंबच ठोकली. "एका अंड्यानं पोट भरलं न्हाई, दुसरं घिऊन आली!" गोरखनं तिला हाताला धरून रस्त्यापर्यंत आणून सोडलं. मारलं नाही काही, पण मला म्हणाला, "काकू, हिला आवरा. आन् आमच्या जीपची आशा धरू नगा. आई घराबाहीर काढंल मला."

ओलेनानं मोबाईल माझ्यापुढं धरला. मोबाईल म्हणाला, "मी काय चूक केली?"

मी काय सांगू तिला? म्हणलं, तुजं काय चुकलं न्हाई, लोकं तसली हायती. लोकं! आणि मी कोण?

हे रात्री आले तर ह्यांनाही सांगितलं नाही. नुसतं म्हणलं, डेपोतनं सुट्टी काढा. म्हणाले, यात्रेच्या जादा गाड्या आहेत, वीस तारखेनंतर बघू.

१५ एप्रिल, मंगळवार

१४६/९४. उद्या भोरला दाखवायचं होतं, तर डॉक्टरीणबाई गावाला गेल्यात, शुक्रवारी या म्हणाल्या. मी ठीक आहे म्हणाले. ठीक कशाला म्हणाले?

काल जयंती झाली. विहारात भाषण केलं. अंधश्रद्धेवरच केलं, आयत्या वेळी दुसरा विषय सुचला नाही. टाळ्या पडल्या. अंगणवाडीत आज वरच्या आळीचं एकही लेकरू नाही. खिचडी उरली ती कुत्र्यांना घातली.

मनात एकच. हिचं रात्री-अपरात्री दुखायला लागलं तर न्यायचं कशातनं? नसरापूरच्या एका टेम्पोवाल्याचा नंबर घेतलाय. तो म्हणतो, येतो, पण आदल्या दिवशी सांगा.

आदल्या दिवशी!

१८ एप्रिल, शुक्रवार. पुणे

सरकारी मोठ्या दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहितेय. कालचं सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

काल सकाळी ओलेना न्हाणीच्या दारातच बसली. डोकं दोन्ही हातांनी धरलेलं. मी मशीन लावलं, १७०/११०. मला वाटलं मशीन बिघडलं. दुसऱ्यांदा तेच. मग तिनं माझ्या तोंडापुढं हात फिरवला आणि म्हणाली, "मामो, न्हाई... न्हाई..." डोळ्याला दिसत नव्हतं तिला नीट.

एकशे आठला फोन केला. गाडी हायवेच्या अपघातावर गेलेली, वेळ लागेल म्हणाले. टेम्पोवाला उचलेना. गडावर येणाऱ्या गाड्या गुरुवारी कुठून असणार? शेजारच्या सुमनला तिच्यापाशी बसवलं आणि मी पळत सुटले वरच्या आळीला. पायात चप्पल नव्हती ते तिथं गेल्यावर कळलं.

फुलाक्का चुलीपुढं भाकरी थापत होत्या. गोरख दारात दात घासत होता.

"कशाला आलीस?"

"अक्का, जीप पायजे. डोस्कं फुटाय लागलंय तिचं, डोळ्याला दिसंना."

"अंडं टाकताना जीप लागली न्हाई. आता लागली व्हय?"

"अंडं म्या टाकलं."

गोरख दात घासायचा थांबला.

"तिनं न्हाई, अक्का. तिला तिठा म्हंजी काय ते बी म्हाईत न्हाई. ती निजल्याली, म्या तिच्यावरनं उतरलं आन् ठिवून आले. तुमची म्हस वलांडंल असं सपनात बी आलं न्हाई माझ्या."

"तू?" त्यांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "ती भाषण करती ती तू?"

"म्या."

"वळखलंच व्हतं म्या तुजं घर. इचू व्हता त्यावर. तुज्या हातावरला इचू आन् वरलं पाच ठिपकं. माज्या नातवंडांना येवढी वरसं त्या हातानं वाढतीस, वळखणार न्हाई व्हय?"

मी माझ्या हाताकडं बघितलं. निळा डाग. विंचूच आहे तो, आजीनं विंचूच गोंदवला होता. खेकडा कुठला! माझा हात होता त्या अंड्यावर, आणि मला मेलीला कळलं नाही. पण तेव्हा विचार करायला वेळ कुठं होता?

"म्हंजी तिची पीडा माज्या म्हशीवर घातलीस," फुलाक्का म्हणाल्या.

मी म्हणलं, "व्हय." दुसरं काय म्हणणार? त्यांच्या हिशेबानं तेच खरं होतं. मी तिथं शेणात बसले आणि पाय धरायला वाकले.

त्या उठल्या. हाताचं पीठ झटकलं. आणि एकदम म्हणाल्या, "मग तिला अजून काय दुखतंय?"

"आं?"

"पीडा माज्या म्हशीनं नेली ना? मग तिच्या अंगात परत कुठनं आली? येक पीडा दोन घरी कशी नांदंल?" माझ्याकडं नाही, गोठ्याकडं बघत बोलत होत्या. "म्हंजी लागलंच न्हाई ते. माजं रेडकू त्याच्या मरणानं गेलं." मग गोरखवर ओरडल्या, "बघतोस काय ठोंब्या? चावी घे!"

खरं सांगते, मला हलकं वाटायला पाहिजे होतं. पण वाटलं नाही. लागलंच नाही ते. म्हणजे इतके दिवस मी मनातल्या मनात त्या अंड्याला टेकून होते. गोळीला नाही, डॉक्टरला नाही. मी, छाया, भाषणवाली.

फुलाक्का तशाच पिठाच्या हातानं जीपमध्ये चढल्या. ओलेनाचं डोकं त्यांच्या मांडीवर. नसरापूरच्या पुढं तिला झटका आला. दातखीळ बसली, डोळे पांढरे. मला काहीच सुचेना, मी नुसती "थांब गं, थांब गं" करत होते. फुलाक्कांनी तिला कुशीवर वळवून घट्ट धरलं आणि गोरखला शिव्या घालत राहिल्या, त्या पुण्यापर्यंत.

पोट फाडून काढलं. मुलगी. पावणेदोन किलो पण नाही. काचेच्या पेटीत ठेवलीय. ओलेना अजून आयसीयूत. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस काही सांगता येत नाही, दोघींचंही.

सम्राट फोनवर रडला. तिकीट मंगळवारचं मिळालंय. हे डेपोतनं निघालेत.

१९ एप्रिल, शनिवार

ओलेना शुद्धीवर आली. डोळ्याला दिसतंय. मला दोन मिनिटं आत सोडलं.

पहिल्यांदा बाळाचं विचारलं. आहे म्हणलं, पेटीत आहे, नळ्या लावल्यात, पण आहे. मग मी मोबाईल तोंडाशी धरला आणि सांगून टाकलं. अंडं मी घेतलं. तुझ्यावरनं उतरून टाकलं. आंद्रीचं होतं का ते? मोबाईलला 'उतारा' कळेना. तीन वेळा सांगितलं, शेवटी हातानं करून दाखवलं, तिच्यावरनं मूठ फिरवून.

तिनं माझी मूठ मधेच धरली. तिला कळलं होतं. मोबाईल म्हणाला, "माझी आजी हेच करत असे. मी घाबरले की ती माझ्या अंगावर अंडे फिरवत असे. मग ते लांब टाकत असे." मग ती पुन्हा बोलली. "पण पांढरे अंडे, मामो. लिहिलेले नाही. लिहिलेले अंडे द्यायचे असते. ते तुमचे होते."

मला बाहेर काढलं नर्सनं. म्हणे, आवाज करू नका, पेशंटला त्रास होतो.

२० एप्रिल, रविवार

आज त्यांचा ईस्टर. ओलेनाला पेज दिली, चार चमचे गेले. बीपी १४८/९४, लिहायची सवय लागलीय. मुलीनं सकाळी मधेच श्वास सोडला होता, नर्सनं पायाला टिचक्या मारल्या तेव्हा घेतला. तेव्हापासून मी स्वतःचा श्वास मोजतेय. वजन कालच्यापेक्षा कमी भरलं. नर्स म्हणते, आधी उतरतं, मग चढतं. तिला ठाऊक असणार, पण सांगताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

फुलाक्का अजून हितंच आहेत. गोरख परत गेला, ह्या गेल्या नाहीत. म्हणलं, अक्का, घरी जावा, म्हशीचं कोण बघंल? तर म्हणाल्या, "गोरख बघंल. गोठ्यात गेलं की ती माज्याकडं बघत ऱ्हाती. मला बघवंना." तीन रात्री वऱ्हांड्यात अंगाचं मुटकुळं करून झोपतायत.

दुपारी आजी म्हणून मला आणि मावशी म्हणून त्यांना काचेपाशी सोडलं. पोरगी केवढी, माझ्या वितीएवढी. पोट भाकरीसारखं फुगतंय, बसतंय. फुलाक्कांनी इकडं तिकडं बघितलं, कनवटीची पुडी काढली. मीठ, मोहरी, दोन मिरच्या. कुठनं आणल्या देव जाणे. मूठ वळली आणि काचेवरनं फिरवायला लागल्या. तोंडानं पुटपुटत. मी अडवलं नाही. मी मोजत होते. सात.

मग बाहेर आलो. फुलाक्का मूठ आवळून उभ्या. जिन्याकडं गेल्या, तिथं एक पोरसवदा बाप पायरीवर बसून डबा खात होता. लिफ्टपाशी गेल्या, तिथं एक म्हातारी दुपट्याची घडी घालत होती. खिडकीखाली तर नुसती रांग, पोटुशा बायकांची.

"टाकू कुठं गं?" मला म्हणाल्या. "हितं तर समद्यांचीच लेकरं हायती."

मी हात पुढं केला. "आणा हिकडं."

"तुला लागंल."

"लागू दे."

त्यांनी माझ्या हातावर मूठ रिकामी केली. मी सगळं पदराच्या टोकाला बांधलं, दोन गाठी मारल्या आणि पदर कमरेला खोचला. असलं काही मी मानत नाही. पण कुणी ओलांडणार नाही अशी जागा मला तरी हितं दिसली नाही, आणि पोरीला बघायला पुन्हा पाच वाजता सोडणार आहेत.